तक्रार: सकाळी चालू नाही

माझे सासरे लिफ्ट दुरुस्त करायचे. एकोणचाळीस वर्षं त्यांनी लोकांना वर नेलं, सुखरूप खाली आणलं आणि स्वतः मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. कुणी विचारलं की म्हणायचे, घरी आल्यावरही कामावर असल्यासारखं वाटायला नको. म्हणायचे, म्हणजे तेव्हा तोंडाने म्हणायचे. दीड वर्षापूर्वी घशाच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. सासूबाईंची नजर त्याआधीच काचबिंदूने थोडी थोडी करत पुरती गेली होती. म्हणजे घरात माणसं दोन, त्यातल्या एकाला बोलता येत नाही आणि दुसरीला दिसत नाही. सासरे पाटीवर लिहून दाखवायचे, पण ज्या माणसाला सगळ्यात जास्त सांगायचं तिलाच ती पाटी वाचता येत नव्हती.

म्हणून आम्ही डबा केला. मोबाइलवर हे काम फुकटात होतं हे मलाही माहीत आहे, उगाच कुणी शिकवू नये. सासऱ्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पुढून अर्धी आहेत आणि उरलेल्यांचं कातडं इतकं जाड झालंय की मोबाइलच्या काचेला ती बोटं माणसाची वाटतच नाहीत. त्यांना दाबल्यावर दाबल्यासारखं वाटणारं बटण हवं होतं. त्यांनी जुन्या लिफ्टमधून काढून ठेवलेली बटणं पत्र्याच्या पेटीवर बसवली आणि एकेका बटणावर एकेक अक्षर रंगवलं. अक्षरं दाबायची, शेवटी मोठं हिरवं बटण दाबलं की डबा वाक्य बोलणार. लिफ्टमध्ये धोक्याचं लाल बटण असतं ना, तेही लावलं. ते दाबलं की घंटा वाजते आणि त्यात दिवा लागतो. त्याचा अर्थ, ऐक, मी बोलतोय. डबा चालू करायचं बटण बाजूला वेगळं होतं, आणि ते दाबून डबा जागा झाला की हीच घंटा आपोआप एकदा वाजायची. बाहेरचं सगळं त्यांचं काम, आतलं माझं.

यंत्रांना उठवणं हाच माझा धंदा आहे. आमच्या कंपनीत तिकिटं देणारी यंत्रं बनतात, आणि वीज आल्यापासून यंत्र कामाला लागेपर्यंत आत जे काही घडतं ते मी लिहिते. त्यातला मुख्य भाग म्हणजे कर्नल. घरात एक माणूस सगळ्यांच्या आधी उठतं, दिवे लावतं, पाणी भरतं, मग एकेकाला हलवून जागं करतं. यंत्रात ते काम कर्नल करतो. तोच उठला नाही तर बाकीचं घर झोपलेलंच राहतं.

डब्यात आधी मी एक तयार, बाजारातला कर्नल घातला होता. तो चांगला होता, पण डबा तापू नये म्हणून मध्येमध्ये बंद करावा लागायचा आणि पुन्हा उठायला तो चाळीस सेकंद घ्यायचा. चाळीस सेकंदांत सासूबाईंचं एक भांडण सुरू होऊन संपतं, त्यामुळे सासऱ्यांची उत्तरं नेहमी शिळी व्हायची. मग मी सहा महिने खपून स्वतःचा छोटा कर्नल लिहिला. फक्त या डब्यासाठी, चार सेकंदांत उठणारा. आठ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, मी तो डब्यात चढवला. चार सेकंदांत घंटा वाजली. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. खरं सांगते, नोकरीत बढती मिळाली तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सासूबाई एक वाक्य बोलल्या. डब्यातला आवाज तयार आवाजांपैकी एक होता, बातम्या देणाऱ्या माणसासारखा खणखणीत. त्या म्हणाल्या, या आवाजात तुम्ही अगदी परके वाटता हो, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. आम्ही सगळे हसलो. सासरेही हसले, म्हणजे त्यांचे खांदे हलले. निघताना मी डबा बंद केला आणि घरी गेले.

पुढच्या शनिवारी, पंधरा तारखेला, आम्ही नवराबायको गेलो तेव्हा सासऱ्यांनी दारातच पाटी दाखवली: सकाळी चालू होत नाही. मी लॅपटॉप काढला, केबल काढली, केबलचं एक टोक डब्यात आणि दुसरं लॅपटॉपमध्ये लावलं. त्या केबलमधून कर्नल उठताना काय काय करतोय ते ओळीओळीने पडद्यावर दिसतं. केबल न लावता यंत्र चालू करणं म्हणजे माझ्या मते डोळे मिटून रस्ता ओलांडणं. मी बटण दाबलं. चार सेकंद, घंटा. पुन्हा बंद, पुन्हा चालू. घंटा. मी म्हटलं, "चालतंय की, बाबा. डब्याला काही झालेलं नाही."

हे मी मोठ्याने म्हटलं. सासूबाई पलीकडे खुर्चीत बसलेल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला, बावीस तारखेला, मी तासभर बसून मेमरी तपासली. एकही चूक नव्हती. तिसऱ्या खेपेला, बुधवारी ऑफिस सुटल्यावर मुद्दाम गेले आणि कर्नल ज्या कार्डावर ठेवला होता ते कार्डच बदललं. दोन्ही वेळा डबा माझ्यासमोर सुतासारखा सरळ वागला. माझी खात्री पटली की सासरेच बटण नीट दाबत नाहीत. मी एका कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'बटण दोन सेकंद दाबून धरावे', आणि तो कागद डब्याच्या वर चिकटवला. ज्या माणसाने आयुष्यभर बटणं बसवली त्याला मी बटण दाबायला शिकवत होते. त्यांनी तो कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी निघताना डबा बंद करायला गेले तर त्यांनी बटणावर हात आडवा धरला. जुना कर्नल असताना डबा रिकामा चालू ठेवला की तापायचा, म्हणून जाताना बंद करायची माझी सवय होती. मी म्हटलं, तापतो हो बाबा, आणि त्यांचा हात बाजूला करून बंद केला.

या सगळ्याची ते एका वहीत नोंद करत होते. लिफ्टच्या मशीनघरात एक जाड वही टांगलेली असते. आलेल्या मेकॅनिकने तारीख, वेळ, तक्रार, कारण, उपाय आणि शेरा असे रकाने भरून सही करायची. निवृत्त झाल्यावरही त्यांनी ती सवय सोडली नव्हती. घरातला नळ गळला तरी वहीत चढायचा. मी त्यावरून त्यांची चेष्टा करायची. ती वही मी तीनही खेपांना उघडून बघितली नाही.

दरम्यान माझ्या नणंदेने निर्णय घेतला होता. नणंद नवऱ्यापेक्षा मोठी, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि जे करायचं ते करून मोकळी होते. तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. आईला रात्री काही झालं तर बाबा हाक कशी मारणार, आणि बाबा पडले तर आईला दिसणार कसं? डबा होता म्हणून इतके दिवस चाललं. तो आता चालत नाही, किंवा बाबांना चालवता येत नाही, काही म्हणा. तिच्याकडे एकाच माणसाची जागा होती आणि आमच्याकडेही एकाचीच. आई तिच्याकडे, बाबा आमच्याकडे. तिने सतरा तारखेला फोन करून आईला विचारलं आणि आई म्हणाली, येते. सगळ्यांना धक्का बसला तो त्याचा. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ती बाई माहेरीसुद्धा चार दिवसांच्या वर राहिली नव्हती. बाबांना विचारलं, त्यांनी पाटीवर लिहिलं, तिची मर्जी. नवरा म्हणाला, चला, दोघांनाही पटलंय. मला आतून बरं वाटलं नाही, पण सोयीचं वाटलं, हेही कबूल करते.

रविवार, तीस तारीख ठरली. नणंद बारा वाजता टॅक्सी घेऊन येणार होती. सासूबाईंची बॅग भरायला मी सकाळी आठलाच गेले. नवरा आमच्या घरी बाबांसाठी खोली रिकामी करत होता.

सासरे बाहेरच्या खोलीत डब्यासमोर हाताची घडी घालून बसले होते. मी आतल्या खोलीत कपाटातून कपडे काढत होते आणि सासूबाई पलंगावर बसून एकेक कपडा हाताने चाचपून सांगत होत्या, हा घे, हा ठेव. मध्येच मी विचारलं, करमेल का तुम्हाला तिकडे. त्या म्हणाल्या, इथे तरी कुठे करमतंय.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्याशी बोलायचंच नाही त्यांना. बावीस दिवस झाले. अबोला धरलाय."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, आई, बाबांना बोलता येत नाही. तर त्या भडकल्या. त्यांच्या आवाजाला मी नावं ठेवली ना, त्याचा राग आलाय, म्हणाल्या. तरुणपणी हे असेच आठ आठ दिवस मूग गिळून बसायचे, आणि मी कधी आपणहून विचारलं नाही, आताही विचारणार नाही. परवा येऊन हात धरला. मी झटकला. म्हटलं, हात काय धरता, बोला की. तर पाय आपटत गेले आणि त्या डब्यावर दोन गुद्दे हाणले. रोज सकाळी हाणतात. ऐकू येतं मला.

"अहो आई, डबा चालू होत नाही म्हणून हाणत असतील."

"चालू होत नाही?" सासूबाईंनी मान माझ्या दिशेला वळवली. "तूच म्हणालीस ना, डब्याला काही झालेलं नाही. तीनदा म्हणालीस. आणि ते खरंच आहे. तू आलीस की डबा बोलतो, मी ऐकते ना. चहा घेणार का विचारतो, बरं आहे म्हणतो. तू गेलीस की बंद. म्हणजे सुनेशी बोलायचं आणि बायकोशी नाही."

माझ्या हातात त्यांचा घडी घातलेला टॉवेल होता. तो तसाच धरून मी उभी राहिले. मला आधी लाज वाटली आणि मग, लगेचच, दुसरं काहीतरी वाटलं, कारण मी काही झालं तरी माझ्या धंद्याची बाई आहे. तू आलीस की बोलतो, तू गेलीस की बंद. तीन खेपांत मी मेमरी तपासली, कार्ड बदललं, सासऱ्यांवर संशय घेतला आणि एवढी सरळ तक्रार कुणी माझ्यापुढे ठेवली नव्हती. मी येते म्हणजे माझ्याबरोबर काय येतं? पर्स, लॅपटॉप आणि केबल.

मी बाहेर आले. सासऱ्यांना म्हटलं, बाबा, उठा जरा. केबल न लावता बटण दाबलं. घंटा नाही, दिवा नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मग केबल लावली आणि दाबलं. चार सेकंद, घंटा. केबल काढून, केबल लावून, असं सहा सहा वेळा केलं. केबल असली की उठतो, नसली की मेलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसा मी बावीस दिवस वळसा घातला होता, आणि कळसा माझ्याच पर्समध्ये होता.

सासऱ्यांनी पाटी घेतली आणि भराभर लिहिलं. सरकारी इमारतीतली एक लिफ्ट होती, ती रोज अडकायची. आम्ही जाऊन पॅनेलचं झाकण उघडलं की चालायची. झाकण लावून परत आलो की अडकायची. चार वेळा असं झाल्यावर साहेब म्हणाले, लोकच खोटं बोलतात. मग मी झाकण लावलं आणि दिवसभर लिफ्टमध्येच बसून राहिलो.

त्यांनी पाटी पुसली आणि खाली एकच ओळ लिहिली: झाकण तारेला दाबत होतं.

मग त्यांनी वही आणली. नऊ तारखेपासून रोज एक ओळ, सुवाच्य अक्षरात. सकाळी सात दहा, चालू नाही. सात दहा, चालू नाही. पंधरा तारखेला, सून आली, चालू. सून गेली, चालू नाही. कारणाच्या रकान्यात बावीस दिवस नुसती आडवी रेघ होती. माहीत नसलेलं कारण ते लिहीत नाहीत. शेवटचा, शेऱ्याचा रकाना त्यांनी फूटपट्टी ठेवून झाकला होता. मी त्या पट्टीला हात लावला तर त्यांनी ती तिथेच दाबून धरली. मीही मग हट्ट केला नाही. डबा चालू असतानाही माझ्यासमोर सासूबाईंशी मनातलं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

अडचण अशी होती की केबल लावली तरच आतलं दिसणार, आणि केबल लावली की दुखणं पळणार. पण डब्यावर एक दिवा होता, लाल बटणातला. मी कर्नलमध्ये थोडा बदल केला. पहिली पायरी झाली की दिवा एकदा लुकलुकेल, दुसरी झाली की दोनदा, असं करत दहापर्यंत. कार्डावर नवा कर्नल चढवला, डब्यात घातला, केबल उशीखाली ठेवून दिली. सासरे बोटांवर मोजू लागले. एक. दोन. तीन. चार. पाच. मग अंधार. पुन्हा केलं. पाच. पुन्हा. पाच. त्यांनी मला पाची बोटं दाखवली.

सहावी पायरी काय होती हे बघायला मला लॅपटॉप उघडायचीही गरज नव्हती. ती मीच लिहिली होती. घरी टेबलावर काम करताना मला कर्नल मध्येच थांबवायला लागायचा. म्हणून मी सोय केली होती की उठता उठता केबलवरून एखादं अक्षर आलं तर तिथेच थांब आणि मी पुढे काय सांगते त्याची वाट बघ. काम झाल्यावर त्या ओळी काढून टाकायच्या होत्या. राहिल्या. आता केबल लावलेली असली की डब्याच्या आत ती जिथे बसते तिथली तार शांत असते. केबल नसली की त्या तारेचं टोक सुटं लोंबकळतं, आणि शेजारी चार्जरची वीज खरखर करत असते. डब्याची बॅटरी नावालाच उरली होती, त्यामुळे चार्जर कायम लावलेला. ती खरखर सुट्या तारेला लागायची आणि कर्नलला वाटायचं, बाईंनी काहीतरी अक्षर पाठवलं. मग तो बिचारा थांबून राहायचा.

हे मी सासऱ्यांना समजावलं. त्यांनी लिहिलं: म्हणजे तुझी वाट बघत होता.

मी म्हटलं, हो.

त्यांनी वही पुढे सरकवली आणि पेन माझ्या हातात दिलं. कारणाच्या रकान्यात मी आधी 'सुटी तार' असं लिहिलं. मग ते पुरेसं वाटेना. खाली लिहिलं, 'केबल लावून बघितलं आणि चालतंय म्हणून सांगितलं'. सही केली. त्यांनी वाचून मान हलवली.

पुढचं काम सोपं होतं. मी थांबायला लावणाऱ्या त्या ओळी काढून टाकल्या. सासऱ्यांनी त्यांच्या खणातून सुट्या तारेला शांत ठेवणारा एक छोटा रेझिस्टर शोधला आणि अर्ध्या बोटांनी ती तार त्याला बांधून टाकली. आता कार्ड घातलं, केबल न लावता बटण दाबलं, आणि घंटा वाजली. मी खुर्चीतून उठले तर त्यांनी मला खाली बसवलं. लिफ्टवाल्यांचा नियम आहे. दुरुस्तीनंतर वीस फेऱ्या रिकाम्या करायच्या, मगच माणूस आत घालायचा. आम्ही डबा वीस वेळा बंद केला आणि वीस वेळा चालू केला. प्रत्येक घंटेला ते वहीत एक बारीक खूण करत होते.

मध्ये मी आत जाऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. बाबांनी अबोला धरलेला नाही, डबाच चालू होत नव्हता, चूक माझी, माफ करा. त्यांनी ऐकून घेतलं. त्या शाल पांघरून, बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"तीन आठवडे म्हणालीस चालतंय, आज म्हणतेस बिघडलं होतं. यातलं मी कोणतं खरं धरू? आणि आता वाजतोय तोही तू आहेस म्हणूनच ना?"

मी पुढचे दोन तास बोलले असते तरी ते पालथ्या घड्यावर पाणी झालं असतं. मी बाहेर आले तेव्हा बाराला वीस मिनिटं कमी होती. मी डबा बंद केला. केबल गुंडाळून पर्समध्ये टाकली, पर्स खांद्याला लावली. डब्यावरचा माझा तो ठळक अक्षरांतला कागद फाडला. सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, मी खाली दुकानात जाऊन येते. आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

दुकानात वगैरे गेले नाही. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसले. जुनं दार आहे, आतलं सगळं ऐकू येतं. वीस फेऱ्या झाल्या असल्या तरी एकविसावीला काय होईल ते कुणी सांगावं? आत शांत होतं. भांड्याचासुद्धा आवाज नाही. पाच मिनिटांनी खालून चपलांचा आवाज आला आणि नणंद धापा टाकत वर आली. टॅक्सी खाली उभी आहे, म्हणाली, आई तयार आहे ना? आणि तिने बेलकडे हात नेला. मी तिचं मनगट धरलं आणि तिला माझ्या शेजारी बसवलं. काय झालं, तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, दोन मिनिटं ऐक.

आत घंटा वाजली.

नणंदेने माझ्याकडे बघितलं. लिफ्टच्या बटणांचा टकटक आवाज येऊ लागला. सासरे सावकाश टंकतात. बराच वेळ टकटक झाल्यावर तो बातम्यांचा खणखणीत आवाज आला.

"नऊ तारीख. आवाज बातम्यांसारखा आहे, हे मान्य. पण मला गप्प बसवत नाही."

पुन्हा टकटक. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ते वही वाचतायत. फूटपट्टीखालचा रकाना.

"अकरा तारीख. स्वेटर उलटा घातला आहेस."

"अकराला?" सासूबाईंचा आवाज आला. "अहो, त्याच स्वेटरवर मी दवाखान्यात जाऊन आले."

"माहीत आहे. मी बरोबर होतो."

नणंदेच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने ते हाताने दाबलं.

"चौदा तारीख. चहात साखरेच्या जागी मीठ होतं. प्यायलो."

"सगळा?"

"सगळा."

मग टकटक बराच वेळ चालली. मला वाटलं आता मोठं काहीतरी येणार. पण वाक्य छोटंच होतं. अक्षरं चुकत असावीत आणि ते पुसून पुन्हा लिहीत असावेत.

"सतरा तारीख. मुलीकडे जाऊ नको."

माझ्या शेजारी नणंदेने डोक्याला हात लावला. सासूबाई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता.

"हे सतराला सांगायचं होतं तुम्ही."

"डबा चालू नव्हता."

"मग हात धरायचा."

टकटक. टकटक. हिरवं बटण.

"धरला होता. तू झटकलास."

पलंगाची कुरकुर ऐकू आली, आणि काहीतरी जड जमिनीवर ठेवल्याचा आवाज. बॅगच असणार. मग सासूबाई म्हणाल्या, "आता धरा."

त्यानंतर डबा बोलला नाही. खाली टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. नणंद उठली, ओढणीने डोळे पुसले, जिना उतरून खाली गेली आणि टॅक्सी परत पाठवून आली.